हिरव्या टाचण्यांचा गाव

मी एक जुना, पुठ्ठ्याचा गाव आहे. हसलात ना? हसा, मित्रांनो, मला सवय आहे. भिवंडी तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावाचा मी उंचसखल नकाशा. खाटेएवढा लांब, खाटेएवढा रुंद, आणि माझ्यावरची सगळ्यात उंच टेकडी धरली तरी जेमतेम वीतभर. गावच्या समाजमंदिरात, दाराच्या अगदी समोरच्या भिंतीवर मला टांगलं आहे, त्यामुळे आत येणाऱ्याची नजर आधी माझ्यावरच पडते. एके काळी या जागेचा मला कोण अभिमान होता! आता दारात पावलं वाजली की वाटतं, कोणीतरी माझ्यावर एक चादर टाकावी. माझ्या अंगभर टाचण्यांची बारीक भोकं आहेत. त्यातली बहुतेक खोट्या टाचण्यांची आहेत, आणि ती लपवायला मला हात नाहीत.

पण जन्मापासून सांगतो, म्हणजे तुम्हाला नीट कळेल.

माझा जन्म भिवंडी शहरात झाला, विद्युल्लताबाईंच्या घराच्या ओसरीवर. बाई तिथल्या एका महाविद्यालयात पर्यावरण शिकवतात. पलीकडच्या गल्लीत कापड विणणारे लूम चालत. दिवसभर खडखडाट असे, तो थांबला की बाई म्हणत, "शिफ्ट बदलली, चला चहा घेऊ." मला लागणारा पुठ्ठा राहनाळच्या गोदामांतून आला. टीव्ही, फ्रीज, पंखे यांची फाटकी खोकी एक टेम्पोवाला भरून घेऊन आला आणि ओसरीवर ढीग बघून विचारू लागला, "मॅडम, इतना पुठ्ठा किस काम का?"

"गाव बनाना है," बाई म्हणाल्या.

"तो उसमें एक कमरा हमारा भी रखना. भाड़ा नहीं देंगे."

बाई खूप हसल्या. त्याची खोली काही झाली नाही, पण माझी सुरुवात अशी हसण्यात झाली हे मला आवडतं.

जमीन जशी चढते तसे पुठ्ठ्याचे थर कापून, खळीने चिकटवून त्यांनी मला उभं केलं. टेकडीला जास्त थर आणि खाडीजवळच्या शेतांना एकच. घरं काडेपेट्यांची केली. खाडी निळी रंगवली. खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून गावाने पिढ्यान्‌पिढ्या जो मातीचा बांध राखला, तो सुतळीचा केला. त्या बांधात एक लाकडी झडप आहे. तिला गावात उघाडी म्हणतात. ओहोटी लागली की ती उघडून शेतातलं पाणी खाडीत जाऊ द्यायचं, भरती आली की बंद करायची. माझी उघाडी आइस्क्रीमच्या चमच्याची आहे. शेलार गावच्या एका रंगाऱ्याने शेवटी माझ्यावरून वॉर्निशचा हात फिरवला, तेव्हा मी असा चमकलो की माझं मलाच कौतुक वाटलं.

तरी मी पुरता झालो तो गावात आल्यावर. समाजमंदिरात मला जमिनीवर मांडलं आणि सगळे भोवती उकिडवे बसले. "आमचे घरामागं चिच हाय, ती कुठं?" "तलाव एवढा मोठा न्हाय हो, बाई, लहान करा." ज्याला त्याला स्वतःचं घर सापडलं की तो उगाच दुसऱ्याला दाखवी. बायांनी सांगितलं म्हणून माझ्यावर छोटी चित्रं आली: शेतात चढणारे मासे, चिखलातल्या निवट्या, बिळातल्या चिंबोऱ्या, बांधावरचे बगळे, तिवरांच्या मुळांत लपणारी कोळंबी. बाईंनी समजावलं की या सगळ्या जिवांच्या गोतावळ्याला जैवविविधता म्हणतात, आणि हा गोतावळा आपली पुष्कळ कामं फुकटात करून देतो. "खाडीजवळची खोलगट शेतं म्हणजे गावाचं पातेलं," त्या म्हणाल्या. "वरून आलेलं पाणी त्यात मावतं, म्हणून घरात शिरत नाही."

मित्रांनो, आता माझं खरं काम सांगतो. साधा नकाशा आज काय आहे ते दाखवतो. मी उद्या काय होईल ते दाखवण्यासाठी बनलो होतो. उद्या कोणालाच दिसत नाही, म्हणून बाईंनी 'जर' नावाची युक्ती केली होती. शेतं आहेत तशी राखली तर काय होईल? निम्मी भरून गोदामं बांधली तर? सगळीच भरली तर? प्रत्येक 'जर'चा एक पारदर्शक कागद होता. तो माझ्यावर पसरला की त्या उद्यातलं पाणी कुठे साचेल, भात किती उरेल, मासे कुठवर येतील, ते रंगांत दिसे. हे हिशेब मी करत नसे. माझं एक भावंड, याच गावाचा संगणकातला नकाशा, तनयाच्या लॅपटॉपमध्ये राही. तनया ही बाईंची जुनी विद्यार्थिनी, संगणकात हुशार. पाऊस, भरती-ओहोटी, जमिनीची उंची, सगळं त्या भावंडाला पाठ होतं. एकच गोष्ट त्याला ठाऊक नव्हती, ती म्हणजे माणसांच्या मनात काय आहे. ती मी विचारून सांगायची होती.

त्यासाठी टाचण्या. ज्याला आपलं शेत राखायचं आहे त्याने आपल्या तुकड्यावर हिरवी टाचणी लावायची. ज्याला ते भरावासाठी द्यायचं आहे त्याने लाल. किती सोपं, नाही का? मलाही तसंच वाटलं होतं.

गाव एका जागी सापडावा म्हणून बाईंनी गावदेवीच्या मानाचा दिवस निवडला. त्या दिवशी गावातला प्रत्येक माणूस देवळात येतो, बाहेरगावी नोकरीला असलेलासुद्धा. माझी मांडणी सभामंडपात, देवीच्या अगदी पुढ्यात झाली. नारळ फुटले, प्रसाद वाटला गेला, आणि बाईंनी टाचण्यांचे डबे पुढे केले. बाई शहरातल्या. त्यांना कसं कळावं की भाताच्या पहिल्या लोंब्या ज्या देवीला वाहायच्या, तिच्या डोळ्यांदेखत 'मी माझं शेत देणार' असं या गावात कोणीही म्हणणार नाही? आणि गावातले जे जाणत होते ते बोलले नाहीत, कारण बोलायचं म्हणजे आपल्या मनात लाल आहे हे कबूल करायचं.

मानकऱ्यांत थोरले लडकूदादा. त्यांच्याआधी कोणी हात पुढे करायचा नाही ही रीत. ते उठले, देवीकडे पाहून हात जोडले आणि उघाडीजवळच्या आपल्या शेताच्या पट्टीवर हिरवी टाचणी लावली. मग रांग लागली. हिरवी, हिरवी, पुन्हा हिरवी. लाल डब्याचं झाकणसुद्धा कोणी काढलं नाही. बोटं माझ्या अंगाला लागत होती आणि मला कळत होतं की त्यातली बरीचशी बोटं टाचणी जेमतेम टेकवतात, जणू ती उद्या काढायची आहे. आनंदीबाईंनी मात्र आपली टाचणी पार डोक्यापर्यंत रुतवली. आनंदीबाई म्हणजे लडकूदादांच्या धाकट्या चुलत भावाच्या विधवा. त्यांचं शेत सगळ्यात खोल, लडकूदादांच्या पट्टीच्या मागे. त्या शेतातलं पाणी दादांच्या पट्टीतल्या नाळेतून, म्हणजे चरातून, उघाडीपर्यंत जातं. दुसरी वाट त्याला नाही.

मी हिरवागार झालो. तनयाच्या लॅपटॉपमधल्या माझ्या भावंडाने हिशेब केला आणि जो कागद माझ्यावर पसरला तो इतका देखणा होता की लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाणी शेतात मावलेलं, घरं कोरडी, मासे तलावापर्यंत. बाई वारंवार सांगत होत्या, "हे 'जर' आहे हं. तुम्ही सगळ्यांनी राखलं तर." पण टाळ्यांत तो 'जर' कोणाला ऐकू गेला असं मला वाटत नाही. मलाही नाही गेला.

मग माझे चैनीचे दिवस आले. ठाण्याच्या प्रदर्शनात मला मांडलं. साहेब लोक माझ्याभोवती हात मागे बांधून फिरले. "एकमताने शेती राखणारा गाव," असं माझ्याखाली लिहिलं होतं. दुसऱ्या गावांचे लोक मला बघायला आले आणि आपल्या गावावर चिडून परत गेले. मी काय फुगलो होतो, विचारू नका!

त्याच दिवसांत एका संध्याकाळी आनंदीबाई आपल्या मुलाला घेऊन समाजमंदिरात आल्या. भूपेश पूर्णा गावच्या एका गोदामात ड्युटी करतो.

"आये, ऐक जरा," तो म्हणाला. "आता मागणी हाय तर देऊन टाकू. सगळ्यांच्या शेवटी आपण राहिलो तर कोण इचारणार न्हाय."

आनंदीबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "तुला डोलं हायत ना? बघ. सगला गाव राखतोय. आपनच पयलं फुटायचं? मी न्हाय देनार."

भूपेश माझ्याकडे बघत राहिला. माझ्यावर टाचण्याच टाचण्या होत्या. शेवटी त्याने मान डोलावली. त्या दिवशी त्यांच्या घरातला वाद मी मिटवला, आणि मला फार मोठं काम केल्यासारखं वाटलं. आज ते आठवलं की माझा वॉर्निश तडकेल असं वाटतं.

पावसाळा सरला आणि पहिला डंपर आला. समाजमंदिराच्या दारातून रस्ता दिसतो, म्हणून मला सगळं दिसलं. टेकडीची लाल माती भरून डंपर खाडीकडे जायचे आणि रिकामे परत यायचे. आज एकाचं शेत, मग त्याच्या शेजारच्याचं. एकमेकांना कोणी काही विचारत नसे. ज्याचं शेत भरलं जाई तो माणूस समाजमंदिरात येणं सोडून देई. कधी आलाच तर माझ्याकडे पाठ करून बसे. बघता बघता गोदामांचे निळे पत्रे उभे राहिले, रात्रंदिवस ट्रक उभे राहू लागले, आणि मी इथे भिंतीवर तसाच हिरवा.

माझ्याकडे दुर्लक्ष होऊ लागलं याचं मला वाईट वाटलं नाही, खरं सांगतो. माझ्या खाडीत कोणीतरी खिळा ठोकून कॅलेंडर लटकवलं. उंदराने तिवरं कुरतडली. कॅरम खेळणारी मंडळी छत्र्या माझ्या टेकडीला टांगू लागली. मला उलट बरं वाटे, तेवढाच झाकला जातो. आनंदीबाईंचं शेत मात्र कॅलेंडरच्या खालच्या बाजूला, उघडंच राहिलं.

तिकडे त्यांच्या शेतात काय चाललं होतं ते भूपेशच्या बोलण्यातून कानावर येई. तीन बाजूंनी भराव उंच झाले. सगळ्यांचं पाणी त्यांच्या एका खाचरात उतरू लागलं. बांधाची डागडुजी दर वर्षी पावसाआधी सगळा गाव मिळून करत असे, घरटी एक माणूस. पण ज्याचं शेतच उरलं नाही तो बांधावर कशाला जाईल? उघाडीची फळी सडली. भरतीला खारं पाणी आत येऊ लागलं, आणि एकदा आलेलं नाळेत गाळ साचल्यामुळे धड बाहेर जाईना. भाताची रोपं पिवळी पडून बसली. पुढच्या खेपेला पेरणीच झाली नाही. शेतावर मिठाचा पांढरा थर आला. भूपेश म्हणाला होता तसंच झालं, आता फुकटसुद्धा ते शेत कोणी घ्यायला तयार नव्हतं.

आनंदीबाई कधीमधी आत येत. आपल्या टाचणीवर बोट ठेवत, मग आजूबाजूच्या टाचण्यांवरून ते फिरवत, आणि जात. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढ्या जवळून मला कोणी बघू नये, असं मला फक्त त्यांच्या वेळी वाटलं. माझ्या भावंडाला पाऊस ठाऊक होता, भरती ठाऊक होती, मासे ठाऊक होते. लाज नावाची गोष्ट आमच्या दोघांपैकी कोणाच्याच हिशेबात नव्हती, आणि गाव तर सगळा तिच्यावर चालला होता.

यंदाच्या हिवाळ्यात विद्युल्लताबाई आल्या. दुसऱ्या एका गावात माझ्यासारखाच नकाशा करायचा होता, म्हणून मला न्यायला. येताना त्यांनी रस्त्यात काय बघितलं असेल ते त्यांच्या चेहऱ्यावरच होतं. त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मग त्यांनी कॅलेंडर काढलं आणि पदराने माझ्यावरची धूळ पुसली. आनंदीबाई बाहेर समाजमंदिराच्या ओसरीवर बसल्या होत्या. बाई त्यांच्याजवळ जाऊन बसल्या.

"आनंदीबाई, तुम्ही माझ्यावर विसंबलात. मी प्रश्न चुकीच्या जागी विचारला. देवीपुढे कोण खरं सांगणार होतं?"

"देवीला काय दोष देताय, बाई?" आनंदीबाई म्हणाल्या. "मी खरंच लावली होती ना तिच्याच म्होरं."

बाईंचे डोळे भरून आले. मग त्यांनी तनयाला फोन लावला.

अजून थोडी शेतं शिल्लक होती, खाडीला लागून, उघाडीजवळची. त्यांचं काय होणार यावर आनंदीबाईंचं शेत कायमचं बुडणार की सुटणार ते ठरणार होतं. बाईंनी पुन्हा विचारायचं ठरवलं, पण या वेळी देवळात नाही आणि चारचौघांत नाही. शाळेच्या एका वर्गात मला बाकांवर ठेवलं, खिडक्या लावल्या. एकेकाने आत यायचं, दार लोटून घ्यायचं, मनातली टाचणी लावायची आणि जायचं. तनया येऊन ती टाचणी टिपून घेणार, काढून टाकणार, मग पुढचा माणूस. कोणी काय लावलं ते ती कधीच सांगणार नव्हती. तिने सांगितलेलं नाही. मीही सगळं सांगणार नाही. पण एका माणसाबद्दल सांगितल्यावाचून ही गोष्ट पुढे जात नाही, आणि पुढे काय झालं ते ऐकलंत की तुम्ही त्याच्यावर रागावणार नाही अशी माझी आशा आहे.

लडकूदादा आत आले. टोपी काढली, पुन्हा घातली. आधी हिरवी टाचणी उचलली. ती बोटांत फिरवत ते माझ्यावरची स्वतःची पट्टी बघत उभे राहिले. त्या पट्टीचा सौदा झालेला होता, शिमगा झाला की भराव पडणार होता. वर्गात दुसरं कोणी नव्हतं, देवीसुद्धा नव्हती. त्यांनी हिरवी डब्यात ठेवली आणि लाल लावली. टाचणी खोल गेली. "खरा सांगायचा तं खराच," ते माझ्याशी बोलले, आणि दार उघडून चटकन निघून गेले. मित्रांनो, मला त्यांचा राग आला नाही. इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा खरं सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी मला समाजमंदिरात आणलं. भरलेल्या शेतांवर तनयाने लाकडाचे ठोकळे चिकटवले होते, जुन्या टाचण्या सगळ्या काढल्या होत्या. फक्त आनंदीबाईंची हिरवी टाचणी होती, ती त्यांनी पुन्हा चारचौघांत लावली होती, लपवण्यासारखं त्यांच्याजवळ काही नव्हतं. लोक आले आणि भिंतीला धरून बसले. माझ्याजवळ सरकून बसायला कोणी तयार नव्हतं.

"तुम्ही काल जे सांगितलंत ते खरं झालं तर," असं म्हणून बाईंनी कागद पसरला.

आनंदीबाईंचं शेत गडद निळं झालं होतं. निळा रंग तिथून खालच्या आळीच्या काडेपेट्यांपर्यंत चढला होता. मासे, निवट्या, बगळे, कशावरच रंग उरला नव्हता.

मग दुसरा कागद. "आणि हीच नाळ तेवढी मोकळी राहिली, उघाडी दुरुस्त झाली तर." निळा रंग ओसरलेला, शेतावर फिकट हिरवा. "मीठ धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे जातील," बाई म्हणाल्या. "पण निघेल." नाळ कोणाच्या पट्टीत आहे हे बाईंनी म्हटलं नाही. म्हणायची गरजही नव्हती. शेतात पाणी कुठून जातं हे त्या गावात कोणाला सांगावं लागत नाही. कोणीही लडकूदादांकडे बघितलं नाही. न बघणाऱ्या इतक्या माना मी एकदम कधी पाहिल्या नव्हत्या.

आनंदीबाई उठल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, माझ्याजवळ आल्या आणि आपली टाचणी उपटायला लागल्या. ती डोक्यापर्यंत रुतली होती. नखाने खणून काढावी लागली.

"आनंदी," लडकूदादा खालच्या आवाजात म्हणाले, "ती टाचनी ऱ्हाव दे."

थोरल्या दिरासमोर आनंदीबाईंनी आजवर मान वर केली नव्हती. आज त्या वळून सरळ त्यांच्याकडे बघत बोलल्या. "कशाला ऱ्हाव दे, दादा? मागचे टायमाला तुमची बगून सगला गाव लावत गेला, आन सगल्यांची बगून भूपेश गप झायला. आता हिला बगून आनखी कोन फसायला नको. माजा शेत हिरवा न्हाय. कवाच न्हाय. माज्या शेतात मीठ हाय."

त्यांनी टाचणी तनयाच्या हातात दिली आणि चपला घालून निघून गेल्या. भूपेश त्यांच्यामागे गेला. बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला तसे सगळे दचकले. लडकूदादांनी टोपीने तोंड पुसलं. टाचणी त्यांनी मागितली नाही. मला मनातून वाटलं, मागू नका, दादा. सगळ्यांसमोर लावलेली तुमची हिरवी टाचणी मी पुन्हा अंगावर घेऊ शकणार नाही.

बाईंनी मला नेलं नाही. "याची जागा इथेच," म्हणून पुन्हा भिंतीवर टांगलं.

शिमगा झाला. मी रस्त्याकडे डोळे लावून होतो. डंपरचा आवाज आला की माझे थर आकसत. एका सकाळी आनंदीबाई आणि सुट्टी घेतलेला भूपेश टोपल्या घेऊन बांधाकडे जाताना दिसले. गेली काही वर्षं ती दोघंच जात आणि दुपारी मान खाली घालून परत येत. ती दाराच्या पलीकडे गेली, आणि मागून लडकूदादा आले. खांद्यावर फावडं होतं. दारापाशी आल्यावर त्यांनी मान दुसरीकडे वळवली, म्हणजे मी त्यांना दिसू नये. मला दिसलं, की त्यांना माझी लाज वाटते आहे. मलाही त्यांची वाटत होती. पण ते बांधाच्या दिशेने जात होते.

"भूपेश," त्यांनी हाक मारली. "थांब रे. उघाडीची फली पार सडलीय. माजे माळ्यावर सागाची हाय, चांगली जाड. दोघं मिलून उतरवू, चल."

भूपेश आईकडे बघायला लागला. आनंदीबाई रस्त्यात थांबल्या, मागे न वळता. मग म्हणाल्या, "जा. दादांना एकल्याना उचलाची न्हाय ती." आणि टोपली घेऊन पुढे चालू लागल्या.

दादांनी सौदा मोडला का, मोडला तर त्यांच्या घरात काय झालं, मला ठाऊक नाही. समाजमंदिरात येऊन कोणी ते बोलत नाही. त्या दिवशी दुपारपर्यंत आणखी दोघे फावडी घेऊन गेले, एवढं मी पाहिलं. त्यातल्या एकाचं स्वतःचं शेत केव्हाच गोदामाखाली गेलं आहे. माझ्यावरची दादांची उघाडीजवळची पट्टी मात्र आज रिकामी आहे, ना लाल ना हिरवी, आणि ती तशीच असलेली मला आवडते.

मित्रांनो, मी अजून लाजतो. भोकं बुजत नाहीत आणि आनंदीबाईंचे गेलेले हंगाम परत येत नाहीत. तुमच्याही गावात, तुमच्याही शाळेत कोणीतरी माझ्यासारखा नकाशा घेऊन येईल आणि उद्याचं विचारील. तुमच्या मनात लाल असेल तर लाल लावा. त्याने कोणाला राग आला तर येऊ द्या, त्यावर निदान बोलता येतं. पण शोभेसाठी हिरवी लावू नका. तुमची टाचणी बघून कोणीतरी आपलं शेत राखतं, आणि मग त्या पाण्यात ते एकटं उभं राहतं.

आणि आत याल तेव्हा तुमची छत्री दुसरीकडे टांगा. माझी टेकडी आता एका बाजूला वाकली आहे.